गाण्याच्या व्हिडिओला गुण देताना

विष्णुदास भाव्यांनी सांगलीत १८४३ साली 'सीतास्वयंवर' हे नाटक सादर केलं, तेव्हा गाणं आणि अभिनय दोन्ही प्रेक्षकांसमोरच व्हायचं. विद्यार्थ्यांच्या गाण्याच्या व्हिडिओत क्रम वेगळा असतो. गाणं आधी ध्वनिमुद्रित होतं, मग ते स्पीकरवर वाजवून त्यावर चित्रण.

म्हणून परीक्षकाने आधी ओठ पाहावेत. सेकंदाला २५ फ्रेम असतील, तर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. तीन-चार फ्रेमचा फरक पडला, तरी शब्द ओठांशी फटकून वागतात. वाद्य दाखवलं तर कसोटी आणखी कडक. मिरजेच्या सतारीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे सतारमेकर गल्लीत चित्रण जरूर करावं, पण मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, ऐकू येत असताना डाव्या हाताचं बोट तार खेचताना दिसलं नाही, तर मिरजकर हसणारच!

चित्रणाच्या जागेचंही तसंच. साताऱ्याकडची मुलं वाईजवळचा मेणवलीचा घाट निवडतात, त्यात नवल नाही. घाट मुळातच देखणा आहे. त्या देखणेपणाचे गुण मुलांना देऊ नयेत.

हक्कांचाही विचार हवा. गीतकार-संगीतकारांचा हक्क मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. जात्यावरची पारंपरिक ओवी स्वतः गाऊन मुद्रित केली, तर परवानगीची अडचण येत नाही.

शिक्षकांनी व्हिडिओसोबत चित्रणाची वहीही मागावी. कोणी काय केलं, ते तिथेच कळतं.