स्कॅनर घेताय? आधी त्याचं झाकण बघा!

माळा आवरताना फोटो स्टुडिओचं जुनं पाकीट हाती लागलंय कधी? आत नेगेटिव्हच्या पट्ट्या असतात. उजेडात धरल्या की केस पांढरे, दात काळे! आमच्याकडे आई-बाबांच्या लग्नाच्या तीन पट्ट्या निघाल्या. अल्बम पावसाळ्यात भिजून पानं एकमेकांना चिकटलेली, त्यामुळे त्या लग्नाचं आता जे काही शिल्लक आहे ते या पट्ट्यांतच.

मी काय केलं? घरातल्या प्रिंटर-कम-स्कॅनरवर पट्टी ठेवली आणि बटण दाबलं. आला काळाकुट्ट चौकोन! कागदी फोटोवरून प्रकाश परत फिरतो, फिल्ममधून मात्र तो आरपार जावा लागतो. म्हणून स्कॅनरच्या झाकणातच दिवा हवा. खरेदी करताना ‘ट्रान्सपरन्सी युनिट’ आहे का आणि फिल्म होल्डर मिळतो का, एवढं आधी विचारा. एप्सनच्या व्ही ६०० मध्ये ही सोय आहे, व्ही ३९ मध्ये नाही. दुकानदार ‘फोटो स्कॅनर आहे, सगळं होतं’ म्हणेल. मान डोलावू नका.

दुसरा सापळा डीपीआयचा. खोक्यावर ६४०० लिहिलेलं असतं, पण फ्लॅटबेड स्कॅनर प्रत्यक्षात तेवढा बारकावा पकडत नाहीत. ३५ एमएमची फ्रेम असते २४ बाय ३६ मिलिमीटरची. ती २४०० डीपीआयवर स्कॅन केली तरी साधारण पावणेआठ मेगापिक्सेलचा फोटो मिळतो, ८ बाय १० इंचाच्या प्रिंटला तो चालून जातो. ६४०० वर ४८ बिट रंगात एकाच फ्रेमची फाइल ३०० एमबीच्या पुढे जाते. लॅपटॉप रडतो, फोटो काही तेवढा सुधारत नाही.

पैसे घालायचेच तर धूळ काढणाऱ्या ‘डिजिटल आइस’वर घाला. इन्फ्रारेड किरण रंगीत फिल्ममधून जातात, धुळीपाशी अडतात, त्यावरून डाग ओळखले जातात. पण आजोबांच्या काळातली ब्लॅक अँड व्हाइट फिल्म असेल तर हे बंद ठेवा. तिच्यातली चांदीही किरण अडवते, मग सॉफ्टवेअर फोटोलाच धूळ समजतं!

आणि खरं सांगू? पाकीट एकच असेल तर स्कॅनर घेऊच नका, स्टुडिओतून स्कॅन करून आणा. चार-पाच मित्रांच्या घरी पाकिटं असतील तर काँट्री काढून एकच घ्या आणि आळीपाळीने वापरा. फक्त आधी प्रत्येक पाकिटाचा वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्म कुजायला लागलीय, तिचा नंबर पहिला. बाकीच्यांनी थांबायचं.

मीही शेवटी एका मैत्रिणीचा स्कॅनर आणला. दुसऱ्या पट्टीतल्या चौथ्या फ्रेममध्ये मांडवाच्या खांबाला टेकून आजोबा हसताना दिसले. त्या फ्रेमची प्रिंट कधी काढलीच नव्हती. आईने लॅपटॉप स्वतःकडे ओढून घेतला तो तासभर दिला नाही.