डीझेल मोटारगाडी : आरंभदोष

डीझेल मोटारगाडीचे एंजिन आरंभक यंत्राने फिरविले असता स्वतःच्या शक्तीवर चालू लागत नाही, किंवा पुरेशा वेगाने फिरतच नाही, या अवस्थेस आरंभदोष म्हणतात. पेट्रोल एंजिनाप्रमाणे डीझेल एंजिनात ठिणगी नसते. दट्ट्याने दाबलेल्या हवेचे तापमान ५००° से.पेक्षा वर जाते व तीत तुषाररूपाने सोडलेले इंधन आपोआप पेट घेते. म्हणून हवा पुरेशी तापत नाही की इंधन योग्य रीतीने पोहोचत नाही, हे प्रथम ठरवावे लागते.

जुन्या जीप गाड्यांतील प्यूजो बनावटीचे आणि बजाज टेम्पोच्या वाहनांतील मर्सिडीज-बेंझ बनावटीचे एंजिन यांसारख्या एंजिनांत इंधन मुख्य सिलिंडरात न सोडता लगतच्या लहान कक्षात सोडतात. या कक्षाच्या भिंती बरीच उष्णता शोषून घेतात. त्यामुळे हवा साधारणपणे विसाव्या हिश्श्याहूनही कमी आकारमानात दाबली जात असली, तरी थंड एंजिनास तापतारेची जोड द्यावी लागते. कारागीर तिला ‘हीटर’ म्हणतात. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्हा दख्खनच्या पठारावर असल्याने डिसेंबर-जानेवारीतील निरभ्र रात्री तेथे किमान तापमान १०° से.च्याही खाली जाते. अशा पहाटे वंगण तेल दाट होते, बॅटरीची क्षमता घटते आणि एंजिन सावकाश फिरते. सावकाश दाबलेल्या हवेतील उष्णता भिंतींत जाते, तर झिजलेल्या कड्यांतून काही हवा निसटते. डीझेल गोठल्याची तक्रार पुष्कळदा ऐकू येते. परंतु या भागातील थंडीत ते क्वचितच खरे कारण असते.

निदानासाठी धुराड्याकडे पाहणे सर्वांत उपयुक्त. एंजिन फिरत असता पांढरा धूर येत असेल, तर इंधन पोहोचत आहे पण पेटत नाही. अशा वेळी बॅटरीची जोडणी, तापतारा आणि संपीडन तपासावे. काही जुन्या एंजिनांत तापतारा एकसरीत जोडलेल्या असतात. त्यांतील एक जळाली की सर्वच निकामी होतात. धूर मुळीच येत नसेल, तर इंधनाचा मार्ग पाहावा. टाकीत इंधन आहे का, एंजिन बंद करण्याची दोरी वा विद्युत् झडप अडकली आहे का, येथून आरंभ करावा. अनेकदा दोष इतकाच असतो. त्यानंतर गाळणी व नळ्या पाहाव्यात. चिरलेल्या नळीतून किंवा सैल जोडातून शिरलेली हवा पंपात दाबली जाते आणि इंधन पुढे सरकत नाही. यालाच ‘गाडीने हवा घेतली’ असे म्हणतात. गाळणीवरील मळसूत्र सैल करून, हातपंप चालवून, बुडबुडे थांबेपर्यंत इंधन बाहेर येऊ देतात. विहिरीवरील डीझेल पंप हाताळलेल्या शेतकऱ्यास ही क्रिया परिचित असते. मात्र नोझलमधून उच्च दाबाने सुटणाऱ्या तुषारासमोर हात कधीही धरू नये. तो त्वचा भेदून आत जातो. जखम सुईच्या टोकाएवढी दिसली तरी तातडीने शस्त्रक्रिया करावी लागू शकते.

आरंभक एका वेळी १०-१५ सेकंदांहून अधिक फिरवू नये. मध्ये मिनिटभर थांबले नाही, तर तो जळतो व बॅटरीही उतरते. ईथराचा फवारा मारणे हा उपाय झटपट वाटतो, परंतु तप्त तापतारेमुळे ईथर अवेळी पेटून दट्ट्या व कड्या मोडू शकतात. तेलाच्या टाकीखाली जाळ करण्याची जुनी रीत तर सरळ आगीला आमंत्रण देते. चाके ढकलून गाडी सुरू करता येते, पण विद्युत् झडप असलेल्या पंपास तेव्हाही थोडी वीज लागतेच.

याउलट, सकाळी सहज सुरू होणारी गाडी दुपारी तापल्यावर सुरू होत नसेल, तर थंडीशी निगडित कारणे गौण ठरतात. झिजलेल्या फिरत्या पंपात उष्णतेने पातळ झालेले इंधन फटींतून गळते आणि मंद गतीत पुरेसा दाब निर्माण होत नाही. पंपावर ओले फडके ठेवून तो निवल्यावर एंजिन लगेच चालू झाले, तर पंपातच दोष आहे असे समजावे. तो कार्यशाळेत काढून तपासावा व पुन्हा जुळवून घ्यावा लागतो.