जुनी मेमरी, नवा प्रोसेसर आणि वाढीव वेग



यंत्र नेमून दिलेल्या वेगापेक्षा अधिक वेगाने चालविता येईल काय, हा प्रश्न कारखान्यांइतकाच जुना आहे. संगणकाच्या बाबतीत या उद्योगाला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. आपला आजचा प्रश्न त्याहून थोडा नेमका आहे. संगणकातली मेमरी चांगली चालते आहे आणि ती बदलावयाची नाही. फक्त प्रोसेसर नवा घ्यावयाचा आहे व तो वाढीव वेगाने चालवावयाचा आहे. तर तो कोणता घ्यावा?

हा हौशी पोरांचा खेळ म्हणून हसण्यावारी नेऊ नका. २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव जगभर भराभर चढले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अवाढव्य संगणक-केंद्रांकडे माल वळला. लग्नपत्रिका जुळविणारा, व्हिडिओची काटछाट करून पोट भरणारा, यांना सगळेच नवे घ्या असे सांगणे सोपे असते. पैसे त्यांना भरावयाचे असतात. आहे ते राखून नवे निवडणे ही गरजवंताची विद्या आहे, आणि ती नीट शिकली पाहिजे.

प्रथम यंत्राची घडण पाहू. प्रोसेसर म्हणजे हिशेब करणारा कारागीर. मेमरी म्हणजे त्याला माल पुरविणारे कोठार. दोघांचेही काम ठोक्यावर चालते. सेकंदाला दहा लाख ठोके म्हणजे एक मेगाहर्ट्झ. मदरबोर्ड एक मूळ ठोका देतो आणि प्रोसेसर त्याला आपल्या गुणकाने गुणून तितक्या वेगाने चालतो. मूळ ठोका १०० आणि गुणक ४० असेल तर वेग ४,००० मेगाहर्ट्झ, म्हणजेच ४ गिगाहर्ट्झ. तेव्हा वेग वाढविण्याचे मार्ग दोनच : मूळ ठोका वाढविणे किंवा गुणक वाढविणे. मूळ ठोका वाढविला की त्याला बांधलेली मेमरीही पळू लागते. गुणक वाढविला तर प्रोसेसर एकटाच पळतो. सारी मेख येथे आहे.

गिरणीत काम केलेल्यांना हे चटकन उमजेल. साच्याचा वेग वाढविला पण कांड्या वेळेवर आल्या नाहीत, तर साचा उभा राहतो. आणि कांड्यांचे सूत कच्चे असेल तर वाढलेल्या वेगाने तार तुटते. प्रोसेसर आणि मेमरी यांचे नाते नेमके असेच आहे.

दोन जुनी उदाहरणे घेऊ. १९९८ साली इंटेलने सेलेरॉन ३००-ए हा स्वस्त प्रोसेसर काढला. मूळ ठोका ६६, गुणक साडेचार, वेग ३०० मेगाहर्ट्झ. गुणक कारखान्यातच कुलूपबंद होता. पण पुष्कळ जणांनी मूळ ठोका १०० केला आणि तोच प्रोसेसर ४५० वर धावू लागला. म्हणजे कितीतरी महाग असलेल्या पेंटियम-२ च्या पंक्तीला जाऊन बसला. या कथेचा दुसरा भाग मात्र कोणी सांगत नाही. त्या काळच्या ४४०-बीएक्स मदरबोर्डांवर मेमरी मूळ ठोक्यानेच चाले. ज्याच्याजवळ १०० मेगाहर्ट्झची मेमरी होती त्याचे फावले. ज्याच्याजवळ जुनी ६६ ची होती, त्याला हाच प्रोसेसर घेऊनही १०० च्या ठोक्याचा भरवसा धरता येत नव्हता. माल एक, किंमत एक. पण लाभ कोठारावर ठरला.

दुसरे उदाहरण २००७ चे. इंटेलच्या कोअर-२ ड्युओ मालिकेत ई-६३०० आणि ई-४३०० असे दोन प्रोसेसर होते. पहिल्याचा मूळ ठोका २६६ व गुणक ७, म्हणजे १.८६ गिगाहर्ट्झ, दुसऱ्याचा ठोका २०० व गुणक ९, म्हणजे १.८ गिगाहर्ट्झ. पाटीवरचा वेग पाहणारा पहिला उचलील. पण समजा, घरात डीडीआर-२ ६६७ जातीची मेमरी आहे. तिचा खरा ठोका ३३३. पी-९६५ जातीच्या मदरबोर्डावर मेमरीचा ठोका मूळ ठोक्याहून खाली ठेवता येत नसे. मग मेमरीला न ताणता पहिला जाईल ३३३ गुणिले ७, म्हणजे २.३३ पर्यंत, दुसरा, इतर सर्व जुळून आले तर, ३३३ गुणिले ९, म्हणजे ३ गिगाहर्ट्झपर्यंत. पहिल्याला ३ वर न्यावयाचे तर ठोका ४२८ हवा, आणि तो त्या मेमरीच्या आवाक्याबाहेरचा. म्हणून पाटीवर हळू दिसणारा प्रोसेसर त्या घराला योग्य होता. जुनी मेमरी राखावयाची तर मोठा गुणक शोधावा, हा त्या काळचा धडा.

पुढे रचना बदलली. २०११ च्या सँडी ब्रिज पिढीत इंटेलने मूळ ठोका इतर भागांशी असा जखडला की तो थोड्या टक्क्यांपलीकडे हलेना. तेव्हापासून सर्वसाधारणपणे नावात ‘के’ अक्षर असलेल्या प्रोसेसरांचाच गुणक मोकळा असतो, आणि तो वाढविण्यास ‘झेड’ वर्गाचा मदरबोर्ड लागतो. एएमडीच्या एएम-४ बैठकीवरील बहुतेक रायझन प्रोसेसरांचा गुणक मोकळा आहे. मात्र ए-३२० व ए-५२० हे स्वस्त मदरबोर्ड तो वाढवू देत नाहीत. म्हणून प्रोसेसरआधी आपला मदरबोर्ड कोणता, हे पाहून ठेवावे. मेमरीची जातही पाहावी. एएम-४ ला डीडीआर-४ लागते. २०२२ च्या एएम-५ ला फक्त डीडीआर-५. डीडीआर-४ ची पट्टी डीडीआर-५ च्या खाचेत बसतच नाही. इंटेलची बारावी पिढी दोन्ही जाती चालविते, पण कोणती ते मदरबोर्ड ठरवितो.

आता समजा, आपल्याजवळ डीडीआर-४ ची २४०० जातीची, म्हणजे मध्यम वेगाची, मेमरी आहे. रायझनच्या ३००० व ५००० मालिकांत आतील भागांना जोडणारा एक दुवा असतो आणि तो सामान्यतः मेमरीच्या ठोक्याबरोबर चालतो. ३६०० ची मेमरी असेल तर १,८०० मेगाहर्ट्झने, २४०० ची असेल तर १,२०० ने. गुणक कितीही वाढविला तरी हा दुवा हळूच राहतो. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

अशा वेळी पाहावयाचा तो कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या पोटातला साठा. वारंवार लागणारा माल हाताशी असला की कोठाराकडे खेपा कमी होतात. रायझन ५-५६०० आणि ५-५६००-जी या दोहोंत सहा-सहाच गाभे आहेत. पण पहिल्यात तिसऱ्या पायरीचा कॅश ३२ मेगाबाइट, दुसऱ्यात १६. शिवाय ‘जी’ प्रकारात चित्र उमटविणारा भागही त्याच मेमरीतून माल ओढतो. हळू मेमरी असलेल्याने, स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असेल तर, पहिलाच घ्यावा. २०२२ साली आलेल्या रायझन ७-५८००-एक्स-३डी मध्ये हा कॅश ९६ मेगाबाइट आहे, पण त्याचा गुणक कुलूपबंद आहे. तरीही खेळांसारख्या मेमरीकडे सतत धाव घेणाऱ्या कामांत, हळू मेमरीच्या जोडीला, वेग न वाढविता येणारा हा प्रोसेसर मोकळ्या गुणकाच्या भावंडांना मागे टाकू शकतो. आपल्याला हवे आहे ते काम, ठोके नव्हेत.

आता उष्णतेचा हिशेब. प्रोसेसरची उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण विद्युत्‌दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग १० टक्के वाढविला आणि तो पेलावा म्हणून दाबही १० टक्के वाढविला, तर उष्णता सुमारे ३३ टक्के वाढते. मिळकत १०, खर्च ३३. हा फरक पंखा, वीजपुरवठा आणि यंत्राचे आयुष्य यांतून वसूल होतो. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या काही प्रोसेसरांत कारखान्याने ठरविलेल्या वेगावरच बिघाड होऊ लागले. वाजवीपेक्षा जास्त दाब हे त्याचे कारण असल्याचे कंपनीने २०२४ साली जाहीर केले, दुरुस्तीचा कार्यक्रम दिला आणि हमी दोन वर्षांनी वाढविली. कारखान्याचीही जेथे गफलत होते, तेथे आपण जपून चालावे. शिवाय वेग वाढविला की सहसा कंपनीची हमी राहत नाही, हेही ध्यानात असू द्या.

बंद पडणाऱ्या यंत्रापेक्षा चुकणारे यंत्र अधिक घातक असते. ताणलेली मेमरी आकडा बिनबोभाट बदलते. खेळात एखादा ठिपका चुकेल. पण युनियनच्या कचेरीत वर्गणीचा किंवा प्रॉव्हिडंट फंडाचा हिशेब असला तर एका आकड्यापायी माणसाचे नुकसान होते. म्हणून ज्या संगणकावर लोकांच्या पैशांचा हिशेब आहे, त्याचा वेग मुळीच वाढवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

इतरत्र वाढवावयाचा तर क्रमाने जावे. आधी मेमरी नेमलेल्या वेगावर ठेवून मेमटेस्टसारख्या कार्यक्रमाने रात्रभर तपासावी. मग प्रोसेसरचा गुणक एकेक पायरी वाढवावा व प्रत्येक पायरीवर तास-दोन तास भरपूर काम देऊन तापमान पाहावे. मेमरी हलवावयाची ती सर्वांत शेवटी. दोन्ही एकदम वाढविली तर दोष कोणाचा, हे कळत नाही.

तेव्हा लॅमिंग्टन रोडवर किंवा आपल्या गावच्या दुकानात जाण्यापूर्वी चार गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात : मेमरीची जात आणि खरा वेग, मदरबोर्डाचे नाव व तो कोणते प्रोसेसर घेतो, आपले रोजचे काम मेमरीवर किती अवलंबून आहे, आणि पंखा व वीजपुरवठा किती पेलतील. दुकानदार पेटीवरचा मोठा आकडा दाखवील. आपण विचारावे, की माझ्या मेमरीबरोबर या आकड्यातला कामाला येणारा किती? गिरणीत उत्पादन मोजतात ते साच्याच्या ठोक्यांवर नव्हे, निघालेल्या निर्दोष कापडावर. संगणकालाही तोच गज लावावा.