दम लागतो? मग हृदयही तपासून घ्या!

भाईंदर स्टेशनचा पूल चढताना मध्येच कठडा धरून थांबणाऱ्या बायका रोज दिसतात. विचारलं तर उत्तर ठरलेलं, 'काही नाही गं, वजन वाढलंय.' पण मैत्रिणींनो, हा दम नेहमीच वजनाचा किंवा वयाचा नसतो.

'सीओपीडी' हा फुफ्फुसांचा जुनाट आजार. श्वासनळ्या कायमच्या अरुंद होतात. खोकला, कफ आणि धाप मागे लागते. हे विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचं दुखणं, असं आपण धरून चालतो. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात सहलेखकासह दाखवून दिलं, की सिगारेटला हातही न लावणाऱ्यांना तो होतो. चुलीचा धूर हे त्याचं मोठं कारण. २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर अनेक घरांत गॅस आला. पण आधी वीस वर्षं धूर गिळलेली फुफ्फुसं काही नवी होत नाहीत.

आणि गोष्ट फुफ्फुसांवर थांबत नाही. रक्तात प्राणवायू कमी पडला की हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो. शरीरातला दाह रक्तवाहिन्याही खराब करतो. म्हणून या रुग्णांना हृदयविकाराचा धोका इतरांच्या दुपटीहून जास्त असतो.

अडचण अशी, की धाप आणि थकवा दोन्ही आजारांत सारखाच. 'तिला दमाच आहे' म्हणून पंप दिला जातो आणि हृदयाचं दुखणं तसंच राहतं. पुढच्या दहा वर्षांतला हृदयाचा धोका मोजताना डॉक्टर वय, रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, धूम्रपान पाहतात. सीओपीडी त्यात बरीच वर्षं धरलाच जात नव्हता. ब्रिटनमध्ये २०२४ साली आलेल्या 'क्यूआर४' या नव्या पद्धतीत तो धरला गेला.

मग आपण काय करायचं? खोकला-धाप महिनोन्‌महिने असेल तर स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकर मारून करायची तपासणी, करून घ्या. सीओपीडी निघाला तर 'डॉक्टर, माझं हृदयही बघा' असं स्वतःहून सांगा. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, ईसीजी एवढ्यापासून सुरुवात होते. पंप मनाने बंद करू नका. फ्लूच्या लसीबद्दल विचारा. खोकला एकदम उसळला, तर पुढचे काही आठवडे विशेष जपा; या काळात हार्ट अॅटॅकचा धोका वाढतो. पायांना सूज आली किंवा आडवं पडल्यावर गुदमरलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. छातीत दाब आणि दरदरून घाम आला, तर सरळ १०८ ला फोन.

सासऱ्यांचं बीपी, नवऱ्याची शुगर आपण तारखेनिशी लक्षात ठेवतो. त्याच यादीत आता स्वतःचं नावही लिहा.