बार ऐकलेला कोंबडा

पहाटे साडेपाच

मार्चमध्ये दिवेआगरला पावणेसातच्या सुमाराला सूर्य वर येतो, आणि रानकोंबडा त्याच्या बराच आधी, झाडावर असतानाच आरवायला लागतो. म्हणून अंधारातच वाडीबाहेर पडायचं. बोर्लीच्या अंगाला डोंगरावर बसायच्या माझ्या दोन जागा ठरलेल्या आहेत. एक खाली, काजूच्या बागेच्या बांधावर, घरांपासून हाकेच्या अंतरावर. दुसरी माथ्यापलीकडे, ऐन-किंजळाच्या रानात. दोन्हीकडे अर्धा तास स्वस्थ बसून किती नर आरवतात ते वहीत लिहायचं. एक दिवस आधी खालची जागा, दुसऱ्या दिवशी आधी वरची, म्हणजे वेळेमुळे फरक पडला असं कुणी म्हणायला नको. फेब्रुवारी ते मे हा विणीचा ऐन काळ. आरवणं मोजायचं तर याच दिवसांत.

सहा

आज वरची जागा आधी. सोबत पलीकडच्या कुणबीवाडीतले आबा. तरुणपणी शिमग्याच्या आगेमागे पारधीला जायचे, आता माझ्याबरोबर येतात. रान दाट, खाणं भरपूर, जवळच ओहोळाचं पाणी. रानकोंबड्याला याहून चांगली जागा या डोंगरात नाही. आणि तिथे एकही आवाज नाही.

"हाय तो," आबा हळूच म्हणाले. "पन बोलायचा नाय."

दिसायला लागल्यावर त्यांनी मला ऐनाच्या बुंध्याशी नेलं. हातभर जागेतला पाचोळा ताजा उकरलेला, पानांची ओली बाजू वर. वाळवीचं वारूळ एका कडेने फोडलेलं आणि मातीत नखांच्या तीन-तीन रेघा. म्हणजे काल संध्याकाळी पक्षी इथेच चरला होता. तिथून दहा पावलांवर करवंदीच्या जाळीत जनावराने पाडलेली वाट, आणि त्या वाटेवर बरोबर कोंबड्याच्या मानेच्या उंचीवर क्लचच्या तारेचा फासा. तार नवी होती, गंज नव्हता. फोटो काढला, जागा नोंदवली, फासा सोडवून पिशवीत टाकला. तो आज वनरक्षकाकडे द्यायचा आहे.

सात

खालच्या जागेवर आलो तेव्हा ऊन पडलेलं. पाखराने गप्प व्हायची ही वेळ, तरी काजूच्या बागेत दोन नर एकमेकांना उत्तर देत होते. एक तर बांधावरच उभा. याच्या मानेची पिसं एकदा जवळून पाहावीत: काळपट पिसाच्या टोकाला पिवळसर, चकचकीत ठिपका, लाखेचा थेंब पडून वाळावा तसा. या ठिपक्यांपायी हिंदुस्थानातून या कोंबड्यांच्या माना परदेशी जात असत. विलायतेत सामन मासा पकडायच्या गळावर ही पिसं बांधायची हौस होती.

इथे कुणी फासा लावत नाही, कारण बागेत सकाळ-संध्याकाळ मालकाची माणसं असतात. रान विरळ, कुत्र्यांचा वावर, तरी कोंबडा बिनधास्त. नुसत्या आवाजावरून गणती केली तर काजूच्या बागेत पक्षी जास्त आणि रानात शून्य, असा साफ उलटा हिशेब निघेल.

नऊ

वाडीत परत. पोफळींना पाणी सोडलं. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात उभी वाडी आडवी झाली, त्यानंतर लावलेली रोपं आता कुठे डोकं वर काढताहेत. मार्चचं ऊन त्यांना सोसत नाही. पाट फिरवताना सकाळचाच विचार चालू होता.

शिकारी आवाजाच्या मागावर येतो. जो नर पहाटे उंच फांदीवरून छाती फुगवून आरवतो तोच आधी मारला जातो. मागे उरतात ते मुळात कमी बोलणारे आणि ज्यांनी शेजारच्याला पडताना पाहिलंय ते. अमेरिकेत रानटी टर्कीच्या बाबतीत शिकारीचा आवाजावर होणारा परिणाम नीट मोजला गेला आहे. तिथे शिकार कायदेशीर, तिचा हंगाम ठरलेला, त्यामुळे बार सुरू होण्यापूर्वी आणि नंतर अशी तुलना करता येते. दक्षिण कॅरोलायनात संशोधकांनी रानात ध्वनिमुद्रक ठेवले, तेव्हा शिकार सुरू झाल्यावर नरांचं ओरडणं उतरल्याचं दिसलं. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, म्हणून जी होते ती लपून होते आणि तिची नोंद कुठेच नसते. जंगलाची शांतता हीच काय ती नोंद.

दीड

जेवताना शेजारचे काका आले. रात्री डुकरांनी सुरणाचा वाफा उलथवून टाकला होता. त्यांचं दुःख खरं आहे. वर्षाचं पीक एका रात्रीत जातं, आणि नुकसानभरपाईसाठी पंचनाम्याची वाट बघत बसावं लागतं. शेतसंरक्षणाची बंदूक ज्यांच्याकडे आहे ते डुकराला पळवायला हवेत बार काढतात. मी त्यांना दोष देणार नाही. पण हा बार आपल्यासाठी नव्हता हे कोंबड्याला कसं कळावं? त्याच्यासाठी तो डोंगर धोक्याचा झाला.

एके काळी मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन हा सगळा मुलूख जंजिरा संस्थानात होता, आणि सिद्दी नवाबाचं राखीव शिकारीचं रान फणसाडला. 1986 पासून ते अभयारण्य आहे. दिघीहून फेरीबोटीने आगरदांड्याला उतरलं की पुढे मुरूड ओलांडून तिथे जाता येतं. तिथल्या चिखलगाणीच्या पाणवठ्यावर मी रानकोंबडीला पिल्लं घेऊन उघड्यावर पाणी पिताना पाहिलं आहे. ज्या रानात नवाबाची शिकार चाले, तिथलाच हा पक्षी. भीती शिकतात तशी ती सुटतेही, फक्त त्याला वेळ जावा लागतो.

चार

किनाऱ्यावर पुण्याचे पाहुणे. मार्चमध्ये थंडीतल्या पाहुण्या पक्ष्यांचे शेवटचे थवे असतात: कुरव, चिखले, तुतवार. उत्तरेचा लांबचा प्रवास पुढे असल्याने त्यांना पोटभर खायचं असतं, आणि वाळूवर धावणाऱ्या गाड्या त्यांना सारख्या उठवतात. एकेका उड्डाणाला चरबी जळते. बंदूक नसली तरी हा त्रासच.

एका तरुणाने विचारलं, "काका, उद्या मोबाईलवर आवाज लावून कोंबडा बोलावू का? फोटो झकास मिळेल." मी नाही म्हटलं आणि कारणही सांगितलं. पाळलेला तित्तर पिंजऱ्यात बोलता ठेवून रानातला तित्तर बोलावणं ही पारध्यांची जुनी युक्ती. खोट्या आवाजाला उत्तर देणारा पक्षी मरतो, एवढंच तित्तरांना पिढ्यान् पिढ्या समजत आलं आहे. आपण तोच आवाज लावतो तेव्हा आपला हेतू चांगला असला तरी पक्ष्याची घालमेल तीच. विणीचा नर चरणं सोडून प्रतिस्पर्धी शोधत फिरतो. मुलगा ऐकणारा निघाला. मोबाईल खिशात टाकून त्याने दुर्बीण मागितली.

साडेसहा

पुन्हा वर, रातथाऱ्याची जागा शोधायला. बागेतला नर उजेड असतानाच आंब्यावर चढून बसला. माथ्यापलीकडचा मात्र पूर्ण काळोख होईपर्यंत खालीच थांबला आणि मग पंखांचा एकच फडफडाट. कुठल्या झाडावर बसला ते मला शेवटपर्यंत दिसलं नाही. झाड कळलं की खाली येऊन उभं राहणारी माणसं त्याने पाहिली असणार.

नऊ

वहीत दोन रकाने आहेत: आवाज आणि खुणा. वरच्या जागेपुढे आज आवाज शून्य आणि खुणांत उकीर, विष्ठा, फासा. गणतीचे तक्ते छापणाऱ्यांनी हा दुसरा रकाना ठेवावाच, असं माझं ठाम मत आहे. नाहीतर शिकार होणाऱ्या रानात "पक्षी नाही" अशी नोंद होते, आणि जिथे पक्षी नाही तिथे गस्त तरी कोण घालणार?

लिहीत असतानाच डोंगराकडून एक बार ऐकू आला. डुकरासाठी की कशासाठी, इथून कळत नाही. वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर वेळ आणि दिशा सांगितली आणि आबांना निरोप दिला: उद्या आधी खालची जागा, मग त्या करवंदीच्या जाळीतल्या सगळ्या वाटा तपासू.