लेकीला रागावण्याआधी तार तपासा

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि आम्ही शिक्षक मोबाईलसमोर बसून शिकवू लागलो. टेलिफोनच्या लाइनवर ब्रॉडबँड असलेल्या घरांत एक फरक दिसला. एक्सचेंजजवळची मुले तासभर टिकत. नागपूरच्या कडेच्या वस्त्यांतल्या मुली मात्र मधेच गायब होत. अम्मी ओरडायची, "तुलाच अभ्यास नको!" खरे तर दोष मुलीचा नव्हता, अंतराचा होता.

टेलिफोनची तांब्याची जोडतार मुळात बोलण्यासाठी टाकलेली. बोलण्याला ४ किलोहर्ट्झपर्यंतची जागा पुरते. डीएसएल त्याच तारेवर त्याच्या वरच्या लहरी वापरते, म्हणून फोन आणि इंटरनेट एकाच वेळी चालतात. पण या वरच्या लहरी तांब्यात लवकर क्षीण होतात. एडीएसएल-२ प्लस एक्सचेंजजवळ सेकंदाला २४ मेगाबिटपर्यंत देते. चार-पाच किलोमीटरवर तेच जेमतेम एक-दोन मेगाबिट उरते. शिवाय तार रस्त्यांनी वळसे घेत येते, त्यामुळे एक्सचेंज डोळ्यांना जवळ दिसले तरी तारेने ते दूर असू शकते.

यावर उपाय आहेत. वस्तीजवळच्या पेटीत यंत्र बसवून तिथपर्यंत फायबर आणले, की तांब्याचा प्रवास उरतो थोडाच. एडीएसएल-२ चा लांब पल्ल्याचा एक प्रकारही आहे. तो सगळा जोर खालच्या लहरींवर लावून आणखी थोडे अंतर गाठतो, पण वेग कमीच राहतो. खरा उपाय म्हणजे घरापर्यंत फायबर. त्यातून प्रकाश जातो आणि २० किलोमीटरपर्यंत सेवा मिळू शकते. नागपूर ते कामठी एवढे अंतर त्याला जड नाही. २०११ मध्ये मंजूर झालेली आणि पुढे भारतनेट म्हटली गेलेली योजना फायबर ग्रामपंचायतीपर्यंत नेते. तिथून घरापर्यंतचा टप्पा आपल्यालाच मागून घ्यावा लागतो.

म्हणून कनेक्शन घेताना केवळ प्लॅनचा आकडा पाहू नका. विचारा : घरापर्यंत फायबर येणार की तांबे? तांबे असेल तर तार किती लांब? पावसाळ्यात लाइन खरखरत असेल तर जोडात ओल आहे का, ते तपासून घ्या. ब्रॉडबँडच्या लाइनवरच्या प्रत्येक फोनला फिल्टर हवा. घरातली जुनी एक्स्टेन्शन तार काढून मोडेम थेट मुख्य लाइनला जोडून पाहा.

एवढे केल्यावरही तास तुटत असेल, तर वस्तीतल्या चार घरांनी मिळून फायबरसाठी लेखी अर्ज द्या. एका घराची तक्रार मागे पडते, वस्तीची सहसा पडत नाही. आणि तोवर लेकीला रागावू नका.