नाकेबंदीतील संसार

युद्ध म्हटले की तोफा, विमाने आणि जखमी सैनिक डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु ज्यात एकही गोळी सुटत नाही असेही एक युद्ध असते. एखाद्या राष्ट्राने आगळीक केली म्हणजे इतर राष्ट्रे एकत्र येऊन त्याच्याशी व्यवहार तोडतात. त्याचा माल घ्यावयाचा नाही, त्याला माल द्यावयाचा नाही, त्याचा परदेशी पेढ्यांतील पैसा अडकवून ठेवावयाचा. यालाच आर्थिक निर्बंध म्हणतात. रक्तपात टळतो म्हणून हा उपाय सौम्य समजला जातो. तो खरोखर किती सौम्य असतो हे जाणण्यासाठी स्वयंपाकघरात डोकावून पाहिले पाहिजे. त्याकरिता आम्ही इराक देशाचे उदाहरण वाचकांपुढे ठेवीत आहो.

हा देश आम्हां ख्रिस्ती लोकांस परका नाही. पवित्र शास्त्रातील हिद्देकेल व फरात या नद्या येथेच वाहतात. अब्राहामाचे ऊर नगर येथले, योनाचे निनवे येथले, बाबेलही येथलेच. अशा या देशाचा सत्ताधीश सद्दाम हुसेन याने २ ऑगस्ट १९९० रोजी शेजारच्या कुवेतवर सैन्य घातले. चारच दिवसांनी, ६ ऑगस्ट रोजी, संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीने ६६१ क्रमांकाचा ठराव करून इराकशी सर्व व्यापार बंद केला. औषधे तेवढी वगळली होती. अन्न केवळ दयेची बाब म्हणून आणता येईल असे ठरले. सप्टेंबरात विमानवाहतुकीवरही बंदी आली. कुवेत १९९१ साली मुक्त झाला, परंतु निर्बंध मे २००३ पर्यंत, म्हणजे जवळजवळ तेरा वर्षे, टिकले.

गोवेकरांचा अनुभव

गोव्यातील वडीलधाऱ्या मंडळींना नाकेबंदी म्हणजे काय हे सांगावयास नको. पोर्तुगीज अमलातील गोव्यावर भारत सरकारने निर्बंध घातले तेव्हा, १९५५ च्या ऑगस्टात, कॅसलरॉकवरून वास्कोकडे जाणारी आगगाडी थांबली. घाटावरचा माल येईना. त्याऐवजी हॉलंडचे बटाटे आणि जपानचे सिमेंट गोव्याच्या बाजारात आले. मात्र गोव्याचा समुद्र मोकळा होता आणि खाणींच्या मालाला गिऱ्हाईक होते, म्हणून निभावले. इराकला यांतले काहीच उरले नव्हते. खनिज तेल विकून धान्य आणणारा तो देश. खाण्याच्या जिनसांतील फार मोठा वाटा बाहेरून येत असे. तेल विकावयाचे बंद होताच शेगडीवरील भांडे रिकामे पडू लागले.

त्या वर्षी कुवेतमधील आपल्या लोकांनाही या संकटाची झळ लागली. नोकरीस गेलेले गोवेकर, केरळीय व इतर भारतीय हातातील पिशवीनिशी बगदादमार्गे जॉर्डनच्या अम्मान शहरी पोहोचले. तेथून एअर इंडियाने सुमारे दोन महिन्यांत ४८८ फेऱ्या करून एक लक्ष अकरा हजारांवर माणसे मायदेशी आणली. आमच्या वाचकांपैकी काहींच्या घरी ती कथा अजून सांगितली जात असेल. आपली माणसे त्या रस्त्याने सुटली. इराकी माणसे मात्र मागे राहिली.

शिधापत्रिका आणि दुकानदार

सरकारने सप्टेंबर १९९० मध्येच शिधावाटप सुरू केले. प्रत्येक कुटुंबास पत्रिका मिळाली, तीवर घरातील माणसांची नावे. गल्लीतील वाणी हाच सरकारचा दलाल झाला. असे चाळीस हजारांहून अधिक दुकानदार देशभर होते. पीठ, तांदूळ, साखर, चहा, तेल, साबण आणि तान्ह्या मुलांसाठी दुधाची भुकटी त्याच्याकडून मिळे. आपल्याकडील रेशनच्या रांगेत उभे राहिलेल्या गृहिणीस हे चित्र ओळखीचे वाटेल. भेद एवढाच की आपल्याकडे रेशन हा आधार असतो. तेथे बहुसंख्य घरांत तेच सर्वस्व झाले.

पहिली काही वर्षे फार कठीण गेली. गव्हाच्या पिठात जव व मका मिसळून येई आणि भाकरी काळपट होई. इराकी मनुष्य लहानशा काचेच्या पेल्यात तळाशी साखर टाकून चहा पितो. आता साखरेऐवजी खजुराचा पाक वापरणे आले. मांस व अंडी ही सणाची वस्तू झाली.

संयुक्त राष्ट्रसंघाने १९९१ सालीच थोडे तेल विकून अन्न घेण्याची मुभा देऊ केली होती. सद्दामच्या सरकारने ती नाकारली. पुढे १९९५ साली ९८६ क्रमांकाचा ठराव झाला आणि डिसेंबर १९९६ मध्ये तेल बाहेर जाऊ लागले. त्या पैशाला इराकच्या सरकारचा हात लागत नसे. तो संयुक्त राष्ट्रसंघाच्या खात्यात जमा होई. दर शंभरातील तीस युद्धाच्या नुकसानभरपाईसाठी कापून घेत. १९९७ च्या मार्चमध्ये धान्याची पहिली जहाजे लागली. त्यानंतर दरमहा दरडोई नऊ किलो पीठ मिळू लागले, आणि भुकेची धार बोथट झाली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्या राज्यकर्त्याला दुर्बळ करण्यासाठी निर्बंध घातले, त्याच्याच हाती प्रत्येक घराच्या पिठाच्या डब्याची किल्ली गेली. पत्रिकेवरील नाव कमी झाले तर मूल उपाशी. मग सत्तेविरुद्ध तोंड कोण उघडणार? राजवाडे बांधणे चालूच राहिले. ज्याच्यासाठी शिक्षा ठोठावली त्याच्या ताटात काही कमी पडले नाही.

पगार, पेन्सिल आणि पुस्तके

पूर्वी एका इराकी दिनाराला सरकारी दराने तीन डॉलरांहून अधिक मिळत. १९९५ च्या अखेरीस बाजारात एका डॉलरला तीन हजारांच्या आसपास दिनार मोजावे लागत. जुन्या सुबक नोटा जाऊन हलक्या कागदावर छापलेल्या नोटा आल्या, आणि किरकोळ खरेदीलाही लोक नोटांची बंडले घेऊन निघू लागले. शिक्षकाचा महिन्याचा पगार दोन-तीन डॉलरांवर उतरला. शिकविणारे लोक संध्याकाळी टॅक्सी चालवू लागले. घरातील दागिने गेले, मग गालिचे गेले, मग दारेखिडक्यासुद्धा विकावयास निघाल्या.

बगदादमध्ये मुतनब्बी नावाची ग्रंथविक्रेत्यांची गल्ली आहे. दर शुक्रवारी तेथे पुस्तकांचा बाजार भरतो. त्या काळात विद्वान लोक आपापली ग्रंथालये तेथे जमिनीवर मांडून विकीत. नवे ग्रंथ येत नसत. एखादे आलेच तर त्याच्या छायाप्रती काढून वाचीत. ज्या वस्तूंचा लष्करी उपयोग होऊ शकेल अशी शंका येई त्या निर्बंध समिती अडवी. पाणी शुद्ध करण्याचे क्लोरिन या शंकेत सापडले. शिसपेन्सिलींतील ग्राफाइटही सापडले. युद्धात मोडलेली जलशुद्धीकरण केंद्रे व वीजकेंद्रे सुट्या भागांवाचून नीट होईनात. मैलापाणी नदीत जाई, तेच पाणी नळाला येई, आणि अतिसाराने लहान मुले दगावत.

वाळवंटातील रस्ता

विमाने बंद असल्याने जगाशी जोडणारा मुख्य मार्ग म्हणजे बगदाद ते अम्मान हा सुमारे नऊशे किलोमीटरचा वाळवंटी रस्ता. मोठ्या अमेरिकन मोटारी भाड्याने मिळत. अंधारात निघावे, त्रेबिल येथील सरहद्दीवर तासन् तास थांबावे, आणि बारा-पंधरा तासांनी पलीकडे पोहोचावे. पेट्रोल पाण्याहून स्वस्त, पण टायर मिळेनात. गुळगुळीत झालेल्या टायरांमुळे त्या रस्त्यावर अपघात नित्याचे होते. देशाबाहेर जाणाऱ्या इराकी नागरिकाला चार लक्ष दिनार कर भरावा लागे. शिक्षकाच्या पगाराशी ताडून पाहिल्यास ती रक्कम कित्येक वर्षांची होते. तरीही डॉक्टर, अभियंते, प्राध्यापक निघून गेले. बगदादचा विमानतळ ऑगस्ट २००० मध्ये पुन्हा उघडला आणि बंदीला न जुमानता काही देशांची विमाने उतरू लागली, तोवर एक पिढी विमान न पाहता वाढली होती.

जाणाऱ्यांत आपले धर्मबंधूही पुष्कळ होते. इराकमधील खाल्डियन कॅथलिक समाज फार प्राचीन. प्रभू येशूच्या बोलीशी नाते सांगणाऱ्या अरामी भाषेत त्यांची उपासना चालते. त्यांतील अनेक कुटुंबे याच रस्त्याने परदेशी गेली, आणि २००३ नंतरच्या अराजकात तर गावेच्या गावे रिकामी झाली. पोप दुसरे जॉन पॉल यांनी निर्बंधांमुळे होणाऱ्या जनतेच्या हालांविरुद्ध वारंवार आवाज उठविला. महावर्षानिमित्त ऊर येथे जाण्याची त्यांची इच्छा सफल झाली नाही. ती यात्रा मार्च २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी केली.

सत्याची चाड

मुलांच्या मृत्यूंविषयी एक आकडा जगभर गाजला. १९९९ च्या युनिसेफच्या पाहणीवरून पाच लक्ष मुले अधिक मेली असे म्हटले गेले. पुढील काळातील पाहण्यांत तशी वाढ आढळली नाही, आणि २०१७ साली दोन अभ्यासकांनी दाखवून दिले की सद्दामच्या सरकारने त्या माहितीत फेरफार केला होता. यावरून कोणी असे समजू नये की हाल झालेच नाहीत. ते डोळ्यांनी पाहूनच संयुक्त राष्ट्रसंघाचे तेथील मुख्य मदत अधिकारी डेनिस हॅलिडे यांनी १९९८ साली आणि त्यांच्या जागी आलेले हान्स फॉन श्पोनेक यांनी २००० साली पदत्याग केला. दुःख खरे असताना त्याला खोट्या आकड्याची जोड दिली, की उद्या खऱ्या दुःखावरही कोणी विश्वास ठेवीत नाही.

लाचलुचपतीनेही आपला वाटा उचलला. २००५ साली पॉल व्होल्कर यांच्या चौकशी समितीने दाखविले की धान्य-औषधांच्या या व्यवहारात दोन हजारांहून अधिक कंपन्यांनी इराकी सरकारला चोरून पैसे चारले होते. भुकेल्यांच्या घासातून व्यापारी व सत्ताधारी दोघांनीही आपापला हिस्सा काढला.

मग आक्रमकाला मोकळे सोडावे काय? तसे आम्ही म्हणत नाही. कुवेतच्या लोकांवर अन्याय झाला होता आणि त्याची भरपाई इराकने २०२२ च्या आरंभापर्यंत फेडली. परंतु ख्रिस्तसभेची शिकवण स्पष्ट आहे: असा उपाय फार विवेकाने योजावा, त्याची मुदत ठरलेली असावी, आणि त्याचा भार निरपराध जनतेवर पडू नये. अपराध्याला झोंबणारी आणि बालकाला न शिवणारी शिक्षा शोधून काढणे कठीण आहे. पण तेवढ्यासाठी ते काम टाळता येत नाही.

निर्बंधांच्या बातम्या आजही अधूनमधून आपल्या कानी येतात. त्या वाचताना आपण राज्यकर्त्यांची नावे वाचतो आणि पान उलटतो. यापुढे घडीभर थांबावे. त्या देशातही एखादी आई पिठाचा डबा हलवून महिनाअखेरीपर्यंत पुरेल की नाही याचा अंदाज घेत असेल. आपल्या कुटुंबप्रार्थनेत तिला जागा द्यावी, आणि आपल्या गल्लीतील रेशनच्या मापात कोणी हात मारीत असेल तर त्याला धिटाईने हटकावे.